घरी कस्टम मोटारसायकल बांधायची तर आधी कच्ची जोडा

अर्धवट राहिलेली कस्टम गाडी लांबूनच ओळखू येते. टाकी आरशासारखी, चेसिस चकचकीत आणि उरलेली गाडी सात-आठ खोक्यांत. मालक म्हणतो, "आता फक्त जोडायची बाकी आहे." ती पुढची दोन वर्षं तशीच बाकी असते, कारण जोडायला घेतल्यावर कळतं की बॅटरीला जागाच ठेवलेली नाही. ट्रे बसवायचा तर वेल्डिंग आलं, आणि वेल्डिंग केलं की तो महागडा रंग जळणार.

अशा माणसाचे हात बहुतेक वेळा चांगले असतात, त्याचा क्रम चुकलेला असतो. गाडी दोनदा बांधायची असते. पहिल्यांदा कच्ची: बिनरंगाची, पण सगळे भाग जागेवर आणि इंजिन सुरू करून पाहिलेली. मग ती पुन्हा पूर्ण उकलायची, रंग द्यायचा आणि पक्की बांधायची. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. मधला एखादा वगळावासा वाटला तर बहुधा तोच तुम्हाला पुढे महागात पडेल.

## १. गाडी घेण्याआधी

पहिली गाडी बांधताय तर चालू गाडीच घ्या. बंद गाडी स्वस्त पडते, पण मग इंजिन, वायरिंग आणि चेसिस या तीन आघाड्यांवर एकाच वेळी लढावं लागतं. एअरकूल्ड, एक किंवा दोन सिलिंडरची, कार्बोरेटरवाली गाडी शिकायला उत्तम.

कागदपत्रांवरचा चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी जुळवून बघा. चेसिस कापणं, हँडल किंवा सायलेन्सर बदलणं याबद्दलचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. तुमच्याकडे काय चालतं आणि कशाला आधी परवानगी लागते, ते ग्राइंडर हातात घेण्यापूर्वी विचारून घ्या.

मूळ अवस्थेत गाडी निदान पन्नास किलोमीटर चालवा. हात सोडल्यासारखा केल्यावर ती एका बाजूला ओढते का, गिअर सुटतो का, गरम झाल्यावर धूर येतो का, हे लिहून ठेवा. ही वही पुढे फार कामाला येते. सगळं बदलून झाल्यावर गाडी ओढायला लागली, तर दोष तुम्ही घातला की तो आधीपासून होता, हे वहीशिवाय कळत नाही.

तपासा: इंजिन गरम असताना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि स्टार्टर मारा. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग किंवा सिलिंडर झिजलाय. तसाच राहिला तर व्हॉल्व्हकडे बघा.

## २. उकलणं

इथे घाई करणारे पुढे रडतात. प्रत्येक भाग काढण्याआधी दोन फोटो काढा, एक लांबून आणि एक जवळून. केबल कुठून कुठे जाते, कोणत्या बाजूने वळते, ते फोटोत दिसलं पाहिजे. नट-बोल्ट पिशवीत टाकण्यापेक्षा शक्य तिथे त्याच भोकात परत दोन आटे फिरवून ठेवा. उरलेल्यांसाठी पिशव्या, आणि पिशवीवर नाव नुसतं "बोल्ट" असं नको. "इंजिन माउंटिंग, मागचा वरचा, डावीकडून घातलेला" असं लिहा.

मूळ वायरिंग कापू नका. नवीन करायचं ठरलं असलं तरी जुनं अखंड काढून भिंतीवर टांगून ठेवा. तो तुमचा नकाशा आहे.

## ३. आधी चाकं आणि उंची

बहुतेक लोक टाकी आणि सीटपासून सुरुवात करतात. सुरुवात चाकांपासून करायची, कारण गाडीची प्रत्येक रेघ चाकांवर उभी असते. टायरचं माप, पुढच्या फोर्कची लांबी आणि मागच्या शॉकअपची लांबी पक्की झाल्याशिवाय पुढे काहीही ठरवू नका.

मागून गाडी उचलली की ती रागीट दिसते, म्हणून लांब शॉकअप लावायचा मोह होतो. पण चाकांमधलं अंतर १४०० मिमी असेल, तर मागचा भाग २५ मिमी उचलल्यावर पूर्ण गाडी जवळपास १ अंश पुढे झुकते. फोर्क तेवढा सरळ होतो आणि ट्रेल कमी होतो. ट्रेल म्हणजे हँडलच्या आसाची रेघ जमिनीला जिथे टेकते, तिथपासून टायर टेकतो त्या बिंदूपर्यंतचं अंतर. ते कमी झालं की गाडी गल्लीत चटकन वळते, पण वेगात हँडल थरथरू शकतं. फोर्क 'टी'मधून (फोर्कच्या दोन्ही नळ्या धरणाऱ्या आडव्या क्लॅम्पमधून) वर सरकवून पुढची बाजू खाली घेतली तरी परिणाम तोच. लोक दोन्ही एकदम करतात आणि मग हँडल हलतं म्हणून बेअरिंग बदलत बसतात.

मागे रुंद टायर लावायचा असेल तर तीन जागी फट मोजा: चिमट्याची (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मची) आतली बाजू, चेन आणि मडगार्ड. टायर चेनला घासतो म्हणून चाक एका बाजूला सरकवणं हा उपाय नाही. पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत राहिलंच पाहिजे. दोन लांब दोऱ्या मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना टेकवून पुढे ताणा. पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना दोरीपासूनचं अंतर सारखं यायला हवं.

तपासा: तुम्ही गाडीवर बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते मोजा. रस्त्यावरच्या गाडीसाठी एकूण हालचालीच्या साधारण ३० टक्के ठीक. पुढे १२० मिमी हालचाल असेल तर ३५ ते ४० मिमी.

## ४. कापणं आणि जोडणं

चेसिसच्या तीन भागांना हात लावू नका: हँडलची मान, चिमट्याचा पिव्हट आणि इंजिनचे माउंटिंग. घरच्या गाडीत मागचा सीटखालचा सांगाडा छोटा करणं आणि ब्रॅकेट हलवणं एवढंच करा. चेसिस क्रमांकाच्या आसपास ग्राइंडर नेऊ नका. तो क्रमांक गेला की गाडी कागदावर मेली.

वेल्डिंगचा अनुभव नसेल तर तुम्ही मापं घ्या, तुकडे कापा, कानस मारून बसवा आणि टाके मारायच्या तयारीत ठेवा. पक्कं वेल्डिंग जाणत्या माणसाकडून करून घ्या. स्वतःच करणार असाल तर आधी त्याच जाडीच्या टाकाऊ नळीवर जोड मारा, तो आडवा कापा आणि आत बघा. वरून सुंदर दिसणारं वेल्डिंग आत धातूत उतरलेलं नसू शकतं, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की अंगावर काटा येतो.

सीटची नवी कमान नळीला नुसती टोकाला टोक लावून जोडू नका. आत घट्ट बसणारा ५०-६० मिमी लांबीचा तुकडा अर्धा एका नळीत, अर्धा दुसरीत घाला. बाहेरच्या नळीला आधीच भोकं पाडून ठेवा, म्हणजे त्यांतूनही आतला तुकडा वेल्ड करता येतो. मग सांधा भरा. आधी चारही बाजूंना टाके, मग समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीने थोडं थोडं. एका दमात एकच बाजू भरली तर कमान त्या बाजूला खेचली जाते. वेल्डिंगच्या वेळी चिमटा आणि मागचा एक्सल जागेवर ठेवा, आणि प्रत्येक दोन टाक्यांनंतर गुण्या आणि ओळंबा लावून बघा.

सावधान: आर्क वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढा, सीडीआय (ठिणगी सांभाळणारा डबा) किंवा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) काढून ठेवा. वेल्डिंग मशीनचा अर्थचा क्लॅम्प वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा, करंट बेअरिंगमधून जाता कामा नये. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागी कधीही वेल्डिंग करू नका, त्या उष्णतेत फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. आणि पेट्रोलची टाकी, रिकामी असो की धुतलेली, घरी वेल्ड करायची नाही. पेट्रोल संपतं, वाफ राहते.

## ५. कच्ची जोडणी

लेखातला सगळ्यात मोठा टप्पा हाच. चेसिसवर ग्राइंडरचे ओरखडे दिसतायत, टाकीवर जुनाच रंग आहे, सीट म्हणजे प्लायवुडवर फोमचा तुकडा. अशा अवस्थेत गाडी पूर्ण उभी करायची. पूर्ण म्हणजे पूर्ण: आरसे, नंबर प्लेटचं ब्रॅकेट, हॉर्न, साइड स्टँड, ब्रेक ऑइलची डबी, रेग्युलेटर (बॅटरीचं चार्जिंग आवरणारा डबा), सगळं. नंतर बसवू असं ज्याच्याबद्दल म्हणाल, नेमकी त्यालाच जागा उरत नाही.

सीटच्या कमानीखालची फट स्टँडवर उभ्या गाडीत मोजू नका. माझ्या पहिल्या गाडीत टायर आणि कमान यांच्यात चार बोटं जागा होती आणि मी खूश होतो. पहिल्याच गतिरोधकावर मागून खर्रकन आवाज आला. सीट उचलून पाहिलं, तर टायरने कमानीखाली बांधलेल्या वायरींची जुडी चाटली होती. तीन वायरींचं प्लास्टिक गेलेलं आणि तांबं लखलखीत. शॉकअप पूर्ण दबला की चाक किती वर येतं, हे मी पाहिलंच नव्हतं. आता मी शॉकअप काढतो, त्याच्या पूर्ण दबलेल्या लांबीची लोखंडी पट्टी दोन भोकं पाडून त्या जागी लावतो आणि मग फट मोजतो. त्या स्थितीतही १५-२० मिमी उरली पाहिजे, कारण वेगात टायर थोडा फुगतो. पुढेही तेच: फोर्क पूर्ण दबवून टायर खालच्या 'टी'ला, मडगार्ड किंवा बेंडपाइपला (इंजिनातून निघणाऱ्या सायलेन्सरच्या नळीला) लागतो का ते बघा.

हँडल बदललं असेल तर ते दोन्ही टोकांना नेऊन बघा. बोट टाकी आणि हँडलच्या मध्ये चिरडतं का? क्लच केबल ताणते का? ब्रेक होज कुठे दुमडतो का? खाली टेकणाऱ्या क्लिप-ऑन (थेट फोर्कच्या नळ्यांवर बसणाऱ्या) हँडलला टाकीची आडकाठी होते ती इथेच कळते, आणि हँडलचा स्टॉपर इथेच वाढवून घेता येतो.

पायदान मागे नेलं की गिअरची जोडपट्टी बदलते. नव्या जोडपट्टीत गिअर उलटे पडणार असतील तर तेही आत्ता कळू दे. ब्रेकचं पेडल ज्या बिंदूवर फिरतं तिथपासून पाय पडतो तिथपर्यंतचं अंतर मूळ गाडीइतकंच ठेवा. ते कमी केलं की तेवढ्याच ब्रेकला जास्त जोर लागतो.

चेनची ढिलाई स्टँडवर मापून सोडू नका. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा पिव्हट आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताठ होते. सस्पेन्शन त्या जागी दबवून थोडा खेळ उरतो का ते बघा. शॉकअपची लांबी बदललेल्या गाडीत गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातला आकडा जसाच्या तसा लागू पडत नाही.

तपासा: गाडीवर पूर्ण पोशाखात, बूट घालून बसा. दहा मिनिटं बसून राहा. मनगट दुखतंय, गुडघा टाकीच्या कडेला टोचतोय, ब्रेक पेडल शोधावं लागतंय, तर आत्ताच बदला.

## ६. ब्रेक

मोठा मास्टर सिलिंडर (लिव्हरपाशी ब्रेक ऑइल ढकलणारा) लावला की ब्रेक जोरात लागतो, हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तोच ठेवून १४ मिमीऐवजी १६ मिमीचा मास्टर लावला, तर पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ३० टक्क्यांनी वाढतं. लिव्हर कमी हलतो आणि कडक वाटतो, म्हणून ब्रेक "भारी" वाटतो. प्रत्यक्षात तेवढाच ब्रेक लावायला हाताला ३० टक्के जास्त जोर द्यावा लागतो. मास्टर आणि कॅलिपर एकाच गाडीची जोडी म्हणून घ्या, सुटा हिशेब नको.

बँजो बोल्टचे (ब्रेक होज जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर दर वेळी नवे. ब्रेक ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच. डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ किंवा ५.१ मध्ये मिसळायचं नाही. आणि ब्रेक ऑइल रंग खातं. रंग नसताना ब्रेकचं काम उरकण्याचा हाही एक फायदा.

## ७. वायरिंग

भीती वाटते म्हणून लोक हे शेवटी ठेवतात. वायरिंग कच्च्या जोडणीतच पूर्ण करायचं, कारण प्रत्येक क्लिप आणि प्रत्येक डबीला चेसिसवर ब्रॅकेट लागतं.

आधी कागदावर यादी करा: कोणती वस्तू, किती वॅट, किती अँपिअर. वॅटला १२ ने भागा. ६० वॅटचा हेडलाइट ५ अँपिअर खातो, २१ वॅटचे दोन इंडिकेटर मिळून साडेतीन. हेडलाइटला १ चौरस मिमीची वायर आणि १० अँपिअरचा फ्यूज पुरे. छोट्या दिव्यांना ०.५ चालते. बॅटरीतून निघणारी मुख्य वायर २.५ ची, तिच्यावर २० अँपिअरचा फ्यूज, आणि तो बॅटरीला जितका जवळ बसवता येईल तितका. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो. दिवा गेला तर गेला. फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा घालणं म्हणजे वायरलाच फ्यूज करणं.

जोड क्रिंप करा, म्हणजे धातूच्या टोपीत वायर दाबून बसवा, चांगल्या क्रिंपिंग पक्कडीने. डाग दिलेली वायर जिथे डाग संपतो तिथे ताठ होते आणि मोटारसायकलच्या थरथरीत बरोबर तिथेच तुटते. जोडांवर श्रिंक ट्यूब चढवा, इन्सुलेशन टेप उन्हात सुटते.

अर्थसाठी चेसिसवर विसंबू नका. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनला एक जाड वायर आणि दिव्यांसाठी वेगळी अर्थ वायर ओढा. कच्च्या गाडीत सगळं चालतं आणि रंगानंतर इंडिकेटर लावला की हेडलाइट मंद होतो, ही तक्रार बहुतेक वेळा अर्थचीच निघते. रंगाचा थर करंट अडवतो.

रेग्युलेटर वारा लागेल अशा जागी बसवा. सीटखाली लपवला की दिसायला छान, पण तो गरम होऊन मरतो. एलईडी इंडिकेटर भरभर चमकू लागले तर फ्लॅशर बदला.

तपासा: हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं हेडलाइटच्या अर्थ पिनला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ कच्चा आहे. इंजिन सुरू करून थोडं रेस करा. बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १५ च्या वर गेलं तर थांबा, बॅटरी शिजतेय.

## ८. कच्ची गाडी सुरू करा

एअर फिल्टरचा डबा काढून नुसते गोल फिल्टर लावायचे असतील तर ते सगळ्यात शेवटी. आधी मूळ डब्यावर गाडी सुरू करा. डबा, सायलेन्सर आणि जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) हे तिन्ही एकदम बदललं की बिघाड कशातला आहे ते शोधता येत नाही. फिल्टर मोकळा झाला की हवा वाढते, मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं. प्लगचं टोक पांढरंफेक दिसत असेल तर जेट मोठा लागेल.

सावधान: इंजिन चालू असताना हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवा. आवाज जराही वाढला तर थ्रॉटल केबल ताणतेय. हे वळणावर झालं तर गाडी आपोआप पळेल.

जागा मोकळी असेल आणि ब्रेकची खात्री असेल, तर कच्ची गाडी आवारात पाच-दहा मिनिटं हळू चालवा. खडखड, घासणं, गळती, सगळं आत्ता बाहेर येऊ द्या.

## ९. उकला, मग रंग

आता गाडी परत पूर्ण उकला. एकही ब्रॅकेट बाकी नाही ना, म्हणून चेसिसवरून हात फिरवत एक फेरी मारा.

पावडर कोटिंग साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजतात. म्हणून बेअरिंग, बुश, रबर, प्लास्टिक काहीही आत राहता कामा नये. साधी पुट्टी त्या तापमानात टिकत नाही. रंगवाल्याकडे नुसतं चेसिस टाकून येऊ नका. झाकायच्या जागा खडूने खुणा करून आणि यादी लिहून द्या: सगळे आटे, बेअरिंगच्या बैठकी, इंजिन माउंटिंगच्या तोंडाच्या बाजू, अर्थचा बिंदू आणि चेसिस क्रमांक. माउंटिंगच्या बाजूंवर जाड थर राहिला तर बोल्ट आवळताना तो दबतो, मग काही दिवसांनी बोल्ट ढिला पडतो. तेव्हा लोक बोल्टला शिव्या देतात.

## १०. पक्की जोडणी

इथे नवं काहीच ठरवायचं नाही, म्हणून हा टप्पा मजेचा. इंजिन बसवताना चेसिसच्या नळ्यांना जुने कपडे गुंडाळा. शक्य असेल तर इंजिन आडवं ठेवून त्यावर चेसिस उतरवा, रंग वाचतो.

ब्रेक, एक्सल आणि इंजिनचे बोल्ट मूळचेच किंवा त्याच दर्जाचे वापरा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं असतं. चकाकतात म्हणून स्टेनलेसचे बोल्ट कॅलिपरला लावू नका. नेहमी मिळणारे ए२-७० दर्जाचे स्टेनलेस बोल्ट ८.८ पेक्षा कमजोर असतात. टॉर्क रेंच पुस्तकातल्या आकड्यावर लावा. तो आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल तर आट्यांना तेल लावू नका, कारण तेल लागलेला बोल्ट त्याच टॉर्कला जास्त ताणला जातो. आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टवर पेंटने एक रेघ मारा, अर्धी बोल्टवर, अर्धी चेसिसवर. पुढे बोल्ट हलला तर रेघ तुटलेली दिसते.

## ११. पहिले ५०० किलोमीटर

पहिली फेरी १० किलोमीटरची, दिवसा, खिशात पाने ठेवून. कुठलाही वेग गाठायचा नाही. नवे ब्रेक पॅड आणि नवे टायर दोन्ही सुरुवातीला पूर्ण पकड देत नाहीत, त्यामुळे समोरच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा.

परत आल्यावर गाडी गार होऊ द्या आणि रेघा बघत फिरा. एक्सल, कॅलिपर, इंजिन माउंटिंग, हँडलचे क्लॅम्प, पायदान. तारांचं चाक असेल तर प्रत्येक आऱ्यावर पान्याने टिचकी मारा. बाकीच्यांचा आवाज टणक आणि एकाचा बद्द आला तर तो ढिला आहे. हेच १०० किलोमीटरला, हेच ५०० ला. हँडलच्या मानेतलं नवं बेअरिंग ५०० पर्यंत बसतं आणि थोडं ढिलं होतं. पुढचं चाक उचला, फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवा. टक असं जाणवलं तर नट जरासा आवळा. इतकाच, की हँडल मधोमध सोडल्यावर दोन्ही बाजूंना स्वतःच्या वजनाने पडलं पाहिजे.